स्पिलओव्हरला काय म्हणावं, गळती की पाझर?

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. कंपन्यांचं संशोधन, सबसिडी आणि स्पर्धा यावर कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत नोट्स काढतेय, त्यात स्पिलओव्हर आला, म्हणजे एका कंपनीने पैसा ओतून शोधलेलं दुसरीला आयतं मिळणं. सगळे गळती सुचवतात, मला अजिबात पटत नाही. गळती म्हटलं की नासाडी आली, आणि इथे तर आयतं मिळणारीचं भलंच होतं, फक्त पैसा ओतणारीचा खर्च करायचा हुरूप जातो.

मी पाझर म्हणेन. गोव्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे, वरच्या अंगाला पाट सोडला की शेजाऱ्यांच्या पोफळींच्या मुळाशी ओल यायची, म्हणून बाबा पाट दुरुस्तीला हात आखडता घ्यायचे. शेवटी दोन्ही घरांनी मिळून पाट बांधला, सुपारी मात्र आपापली विकली. द'आस्प्रमाँ आणि जाकमँ या अर्थशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये गणितानं मांडलं ते जवळपास हेच, पाझर निम्म्याहून जास्त असेल, म्हणजे एकीच्या संशोधनाचा निम्म्याहून जास्त फायदा दुसरीला मिळत असेल, तर संशोधनात एकत्र आलेल्या कंपन्या सुट्या राहून करतील त्याहून जास्त खर्च करतात, कमी असेल तर उलट.

प्रतिसाद १
ताई, पाझर एकदम बरोबर! फक्त 'सहकार्य' जपून वापरा. पाट मिळून बांधणं हे सहकार्य, पण दोन्ही घरांनी बसून सुपारीचा भाव ठरवला तर ते संगनमत, आणि कंपन्यांनी तसं केलं की आपला 2002 चा स्पर्धा कायदा आडवा येतो. जपानात 1976 ते 1980 फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी, तोशिबा चिपच्या संशोधनात एकत्र होत्या, सरकारचा पैसाही होता, पण बाजारात एकमेकींच्या उरावरच. मुलांना सहकार्य आणि संगनमत हे दोन शब्द शेजारी ठेवूनच शिकवा.

प्रतिसाद २
मी वेर्ण्याला औषध कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्याकडे सगळ्यालाच सबसिडी म्हणतात ते चुकीचं आहे. सरकारने पैसे हातात दिले तर अनुदान, कर मोजताना उत्पन्नातून रक्कम वगळू दिली तर वजावट. मान्यताप्राप्त संशोधनावर 100 रुपये खर्चले की पूर्वी 200 ची वजावट मिळायची, 2017 पासून 150, 2020 पासून नुसती 100. तोट्यातल्या नव्या कंपनीला वजावटीचा त्या वर्षी काही उपयोग नाही, अनुदानाचा आहे.

हे छान झालं दादा, दोन्ही वेगळे ठेवते. आता स्पिलओव्हर रेटसाठी 'पाझरदर' कानाला खडबडीत लागतो, 'पाझराचं प्रमाण' लिहू ना?