अॅसिटिक आम्लाचा पीकेए: ४.९० की ४.६६?

टीवाय_केमिस्ट्री:
पीएच-मीटरवर टायट्रेशन केलं, २५ अंशांना. फ्लास्कमध्ये २० मिली अॅसिटिक आम्ल (लेबलवर ०.१ मोलर), ब्युरेटमध्ये ऑक्झॅलिक आम्लाने स्टँडर्डाइज केलेलं (म्हणजे अचूक संहती ठरवलेलं) ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीचा पीएच २.९५, त्यावरून केए (आम्लाचा विघटन स्थिरांक) १.२७३ × १०^-५, पीकेए (केएचा ऋण लॉग) ४.९०. १० मिलीला, म्हणजे साधारण निम्मं आम्ल उदासीन झाल्यावर, पीएच ४.६६; तिथला पीएच म्हणजेच पीकेए धरला. इक्विव्हॅलन्स पॉइंट (सगळं आम्ल उदासीन होतं तो बिंदू) २०.३ मिलीला. पुस्तकात ४.७६ आहे. दोन्हींची सरासरी ४.७८ येते, जर्नलमध्ये तीच लिहू का?

बफर_सात:
नको. एक चूक वर, एक खाली, म्हणून सरासरी पुस्तकाजवळ आली. तो योगायोग आहे.

२.९५ सोडून द्या. सुरुवातीच्या पीएचवरून काढताना केए हा हायड्रोजन आयनांच्या संहतीच्या वर्गावर अवलंबून असतो, त्यामुळे पीएचमधली चूक पीकेएमध्ये दुप्पट होते. ०.१ मोलरला पीएच २.८८ हवा होता. तुमचं रीडिंग ०.०७ जास्त, म्हणून पीकेए ०.१४ ने चुकला. २०.३ मिलीवरून आम्ल ०.१०१५ मोलर निघतं, म्हणजे दोष संहतीचा नाही, रीडिंगचा आहे. इलेक्ट्रोड पीएच ७ च्या बफरमधून (ठरावीक पीएचच्या द्रावणातून) थेट आम्लात गेला आणि आकडा स्थिर व्हायच्या आत टिपला, तर असंच वर दिसतं. कॅलिब्रेशन ७ आणि ४ च्या बफरनेच केलंत ना? ७ आणि ९.२ वर केलं असेल तर या बाजूचा स्लोप (पीएच बदलला की मीटर किती बदलतं ते) तपासलाच गेलेला नाही.

आयनिक_स्ट्रेंथ:
वरचं बरोबर, पण ४.६६ ला चूक म्हणणं मला पटत नाही. त्या बिंदूवर पीएच साधारण तेवढाच यायला हवा. अर्धा बिंदू १०.१५ मिली, तुम्ही १०.० ला वाचलंत. क्षार-आम्ल गुणोत्तर १०/१०.३, त्याचा लॉग −०.०१. दुसरं, मीटर संहती नव्हे, अॅक्टिव्हिटी (आयनांची प्रभावी संहती) दाखवतं. एकूण आकारमान ३० मिली, म्हणून अॅसिटेट सुमारे ०.०३३ मोलर आणि आयनिक स्ट्रेंथही (द्रावणातल्या आयनांच्या संहती आणि प्रभारावरून काढलेलं माप) तेवढीच. डेव्हिस समीकरणाने (आयनिक स्ट्रेंथवरून अॅक्टिव्हिटी गुणांक काढायचं सूत्र) अॅसिटेटच्या अॅक्टिव्हिटी गुणांकाचा लॉग −०.०७ येतो. मग ४.६६ + ०.०१ + ०.०७ = ४.७४. पुस्तकातला ४.७६ हा शून्य आयनिक स्ट्रेंथचा आकडा आहे. दुरुस्ती न करता त्याच्याशी तुलना केली की टायट्रेशन उगाच बदनाम होतं.

टीवाय_केमिस्ट्री:
मग केए १.८२० × १०^-५ लिहू?

बफर_सात:
१.८ × १०^-५, बस. पीएच ±०.०२ धरला तरी केए जवळपास ५ टक्के हलतो. ४.७४ मध्ये दशांशानंतरचे दोनच अंक आहेत, म्हणून केएला सार्थ अंकही दोनच. सोबत तापमान आणि आयनिक स्ट्रेंथची दुरुस्ती केल्याचं लिहा, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.