अनुभव धागा: चैत्रातला बर्फ आणि आपण दमट हवेची माणसं

शिगमो आटोपला की मडगावच्या फलाटावर पाठीला सॅक लावलेली मंडळी दिसू लागतात. गोवा संपर्क क्रांतीने चंदीगड, नाहीतर वास्कोहून गोवा एक्सप्रेसने दिल्ली, तिथून पहाड. मार्च-एप्रिलात एका दिवसात होणारी, पण बर्फातून जाणारी वाट कोणी केली असेल तर लिहा. निसर्गवर्णन नको, पाय कुठे घसरला ते सांगा. सुरुवात मीच करतो.

फोंडा: उत्तराखंडातलं चोपता ते तुंगनाथचं शिवमंदिर. जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर, तीही फरसबंद वाट. मार्चअखेरीस फरशी बर्फाखाली होती. खाली बुरांस (पहाडी ऱ्होडोडेंड्रॉन) लालभडक फुललेला आणि थोडं वर गेलं की गुडघाभर बर्फ. देऊळ ३,६८० मीटरवर. तिथे श्वासागणिक प्राणवायू आपल्या किनाऱ्याच्या दोन-तृतीयांशच मिळतो, त्यामुळे दहा पावलं चाला, थांबा, परत दहा. वर पोचलो तर दार बंद. हिवाळ्यात देव खाली मक्कूमठला असतो. फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून. देव हलतात रे. तू जेवलास का?"

फजिती उतरताना झाली. सकाळी सातला दगडासारखा असलेला बर्फ साडेबाराला भिजलेल्या साखरेसारखा झाला होता. पाऊल थेट मांडीपर्यंत आत. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला.

वाळपई: आम्ही सत्तरी तालुक्याचे, पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावरून चालणारे, त्यामुळे माज होता. जांभ्यावर आपण तळवा सपाट टेकवतो. बर्फाच्या उतारावर तसं केलं आणि वीस फूट बसून खाली आलो. वाटाड्या पोरगा हसत म्हणाला, टाच मारा टाच. मऊ बर्फात टाच रुतवून उतरायचं. पहाटेच्या कडक बर्फावर मात्र ते चालत नाही, तिथे बुटाला काटे हवेतच.

पेडणे: हिमाचलात धरमशालेजवळचं त्रिउंड, मार्च. वरच्या टप्प्यात ढग उतरले, परत फिरलो. खंत नाही.

म्हापसा: टोपी घातली होती, तरी हनुवटीखाली आणि नाकपुड्यांत भाजलं. ऊन खालूनही येतं! ताजा बर्फ बहुतेक सगळं ऊन परत फेकतो. काळा चष्मा तासभरच काढला होता, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. समुद्रावर वाढलेल्या माणसाला उन्हाचं कोणी काय शिकवावं, असं वाटायचं.

मडगाव: लेकीने स्टीलच्या पेल्यात स्वच्छ बर्फ भरला, वर कोकमाचं आगळ नि साखर. वाटेवरच्या अनोळखी पंजाबी आजोबांनी दोनदा मागून खाल्लं. बाकी काही लक्षात नाही.

पणजी: सगळे बर्फाला दोष देताय. माझा घात पणजीच्या हवेने केला. चांगले महाग बूट, चार पावसाळे कपाटात. वरून नवेकोरे. चढाच्या मध्यावर उजव्या बुटाचा तळ जबड्यासारखा उघडला, अर्ध्या तासाने डावा. तळातला फोम दमट हवेत न वापरताच कुजतो, हे नंतर कळलं. सॅकच्या पट्ट्याने बूट बांधला आणि मोजे ओले करत उतरलो. निघण्याआधी आठवडाभर बूट घालून बाजारात फिरा.

फोंडा: हे वाचून माझे माळ्यावरून काढले. अंगठ्याने तळ दाबला, भुगा हातात.