मदत हवी आहे : मस्कतमध्ये एक दिवस, एप्रिलचे ऊन आणि सोबत ज्येष्ठ व्यक्ती

नमस्कार. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुबईहून निघणाऱ्या क्रूझवर मी, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि ७४ वर्षांची माझी आई असे चौघे जाणार आहोत. एका गुरुवारी सकाळी सातला जहाज मस्कतच्या सुलतान काबूस बंदरात लागेल आणि दुपारी चारच्या आत सर्वांनी परत चढायचे आहे. आम्ही मूळचे नागपूरचे, त्यामुळे ऊन आम्हाला नवे नाही (आई आजही पर्समध्ये कांदा ठेवल्याशिवाय बाहेर पडत नाही). परंतु समुद्रकाठचे दमट ऊन आणि बंदरालगतच्या मत्राह भागाला तिन्ही बाजूंनी वेढणारे, तापलेले उघडे डोंगर हा प्रकार निराळा असावा, अशी धास्ती वाटते. मागे दुसऱ्या एका बंदरात भर दुपारी पायी फिरण्याच्या माझ्या हट्टापायी आईला घेरी आली होती. ती चूक पुन्हा करायची नाही.

अडचण वेळेच्या गणिताची आहे. सुलतान काबूस भव्य मशीद मुस्लिमेतरांना सकाळी ८ ते ११ या वेळातच पाहता येते आणि ती बंदरापासून वीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. २००१ मध्ये खुल्या झालेल्या या मशिदीतला, इराणी विणकरांनी विणलेला चार हजार चौरस मीटरहून मोठा एकसंध गालिचा पाहण्याची पत्नीची फार इच्छा आहे. आईचे मन मात्र जुन्या मस्कतमधील, राजवाड्याजवळच्या शिवमंदिरात गुंतले आहे. मत्राहचा बाजारही दुपारी एकच्या सुमारास बंद होऊन चारनंतर उघडतो, म्हणजे तेव्हा आम्ही जहाजावर असू. आधी मशीद गाठली तर मंदिर आणि बाजार दोन्ही हुकण्याची शक्यता आहे. अल आलम राजवाडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना असलेले जलाली व मिरानी हे किल्ले बाहेरूनच पाहायचे असल्याने तिथे दहा मिनिटे पुरतील. भर दुपारचा वेळ राजवाड्यासमोरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या गारव्यात काढावा, असे मी ठरवत आहे.

तिथे राहणाऱ्या किंवा नुकतेच जाऊन आलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे, की सकाळी दोन वाहने करून पत्नी व मुलीने मशिदीकडे आणि मी आईला घेऊन मंदिराकडे जाणे हे शहाणपणाचे ठरेल, की टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवून सर्वांनी एकत्र फिरणे जमू शकेल? मंदिर दुपारी किती वाजेपर्यंत उघडे असते? बंदराच्या आवारात पायी चालू देत नाहीत आणि फाटकापर्यंत शटल बसने सोडतात, असे समजते. तर सकाळी या बससाठी उन्हात रांगेत उभे राहावे लागते का?

आणखी एक. मशिदीत स्त्रियांनी केस, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकणे आवश्यक आहे. सर्वांनी एकत्रच जायचे ठरले, तर आई साडीच नेसणार. पूर्ण बाह्यांचे पोलके आणि डोक्यावरून पदर एवढे तिथे चालते का, की वरून आणखी काही पांघरावे लागते? तसे असल्यास पातळ सुती कापडाचे इथूनच शिवून नेईन, कारण त्या उकाड्यात ऐनवेळी भाड्याने मिळणारा जाड झगा तिला सोसणार नाही.