‘ब्रॉडहेड’ला मराठीत काय म्हणावं?

इतवारीकर: एका अमेरिकी शिकार-मालिकेच्या मराठी डबिंगचं काम आलंय. त्यातला शिकारी क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं धरून चाप ओढायचं धनुष्य, घेऊन मचाणावर बसतो आणि सगळा भाग ‘ब्रॉडहेड’वरच, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या टोकावरच बोलतो. फिक्स्ड घ्यावं की मेकॅनिकल, वजनाला १०० ग्रेनचं की १२५. मी ‘बाणाचं टोक’ लिहिलं, तर पुढच्याच वाक्यात म्हणतो, सराव फील्ड पॉइंटने करा. तेही टोकच! ‘रुंद डोकं’ लिहिलं तर स्टुडिओतले हसतील. काही सुचवा.

काटोलवाला: ‘फाळ’ लिहा ना बाप्पा. वावरातल्या माणसालेही समजते.

इतवारीकर: फाळ आवडला. पण फील्ड पॉइंटपासून वेगळा कसा दाखवू?

निवृत्त मास्तर: आधी वस्तू बघू. सरावाचं टोक गोल, बंदुकीच्या गोळीसारखं. निशाण्याच्या गादीत रुततं, ओढलं की निघतं. ब्रॉडहेडला दोन, तीन किंवा चार धारदार पाती असतात. बाणाने जनावर पडतं ते रक्तवाहिन्या कापल्या जाऊन, रक्तस्रावाने. तेव्हा नावात रुंदीपेक्षा धार यायला हवी. आपल्या जुन्या धनुर्विद्येत अशा बाणाला ‘क्षुरप्र’ म्हणत. क्षुर म्हणजे वस्तरा. त्याच शब्दाचं झिजून झालं खुरपं. ‘भल्ल’ हाही मुळात बाणाचाच प्रकार, त्यावरून भाला. अर्थात क्षुरप्र लिहू नका, तुमचा अमेरिकी शिकारी पौराणिक मालिकेतला वाटेल. ‘पात्यांचा फाळ’ करा, आणि फील्ड पॉइंटला ‘सरावाचं टोक’.

काटोलवाला: म्हंजे खुरपं घेऊन निंदाले बसलेल्या बाया धनुर्धारी निघाल्या की!

नेम धरून: मी तिरंदाजी करते, फक्त लक्ष्यावर. शिकारीला आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा मालिकेत तशी पाटी टाकायला सांगा. आता शब्द. मेकॅनिकलला ‘यांत्रिक’ अजिबात लिहू नका दादा, त्यात यंत्र कसलंच नाही. पाती उडताना मिटलेली असतात, लागल्यावर उघडतात. आपण घडीचा चाकू म्हणतो ना, तसा ‘घडीच्या पात्यांचा फाळ’. फिक्स्ड म्हणजे ‘पक्क्या पात्यांचा’.

हा फरक क्रॉसबोत फार जाणवतो. बाण सेकंदाला ३००-४०० फुटांनी सुटतो, काही धनुष्यांतून त्याहून जोरात. मागची पिसं त्याला सरळ ठेवायला बघतात आणि पुढची उघडी पाती वारा धरून भलतीकडे वळवतात. फाळ जरा तिरका बसला असेल तर विचारूच नका. म्हणून बाणाचं टोक टेबलावर टेकवून बोटांनी भिंगरीसारखा फिरवून बघतात. फाळ डुगडुगला की काढून पुन्हा बसवायचा. घडीचा फाळ सरावाच्या टोकाच्या बराच जवळ पडतो, भोकही मोठं पाडतो, पण पाती उघडण्यात थोडा जोर खर्च होतो आणि हलणारा भाग म्हटलं की अडकण्याची भीती आलीच. कमी जोराच्या धनुष्याला मी पक्क्याच पात्यांचा सुचवला असता. कुठलाही घेतला तरी वजन सरावाच्या टोकाएवढंच हवं. आणि तरीही तो नेमका कुठे लागतो ते आधी गादीवर मारून बघायचं, मग क्रॉसबोवरची नेम धरायची दुर्बीण जुळवायची.

इतवारीकर: वा ताई, अख्खा भाग समजला! ‘ग्रेन’चं काय? दाणा?

निवृत्त मास्तर: ग्रेनच ठेवा. जुन्या मापाने एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, तेव्हा १०० ग्रेनचा फाळ अर्ध्या तोळ्याहून जरासा जड. इतवारीच्या सराफ्यात राहणाऱ्याला एवढ्यावरून अंदाज यावा.

इतवारीकर: आला! आणि तो बाणाला ‘बोल्ट’ म्हणतो.

निवृत्त मास्तर: इंग्रजीत त्या शब्दाचा जुना अर्थ आखूड, जाड बाण असाच आहे. पण आपल्या प्रेक्षकाला नट-बोल्ट आठवेल. बाण लिहा.

इतवारीकर: ठरलं. फक्त ‘घडीच्या पात्यांचा फाळ’ म्हणेपर्यंत त्याचं तोंड मिटलेलं असतं.

नेम धरून: पहिल्यांदा पूर्ण म्हणा, पुढे नुसतं ‘घडीचा’ आणि ‘पक्का’. आम्हीही मैदानावर एवढं लांबलचक कुठे बोलतो?