ठरवलेले फसते तेव्हा

सणाच्या दिवशी आखलेले सारे कोलमडले की घरातला आनंद आणि श्रद्धा दोन्ही उणावतात, हे म्हणणे मला अर्धेच पटते. आनंद उणावतो खरा, पण तो आपणच आखणीला बांधून ठेवलेला असतो म्हणून. आमच्याकडे एका सणाला ऐन प्रार्थनेच्या वेळी वीज गेली. अंधारात सगळे गप्प झालेले असताना चार वर्षांच्या भाचीने पाठ केलेली ओळ चुकीच्या शब्दांनी, पण अत्यंत गंभीरपणे, एकटीनेच म्हणायला सुरुवात केली. महिनाभर एकमेकांशी अबोला धरलेल्या माझ्या दोन्ही भावांनी तिला एकाच वेळी दुरुस्त केले आणि मग दोघांनाही हसू आवरेना. त्या दिवशी जेवायला काय होते, हे आज कोणालाच आठवत नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडले की एखादा अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरच आपली आठवण बेतलेली असते. (त्यांचा प्रयोग थंड पाण्यात हात बुडवून ठेवण्याचा होता, सणाचा नव्हे, हे मान्य!)

श्रद्धेबद्दल मात्र मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. एवढेच सांगतो, की वीज परत आली तेव्हा आईने उठून दिवा पुन्हा मालवला, कारण भाचीची प्रार्थना अजून संपायची होती.