मदत हवी आहे: कसोटी विक्रमांचा फ्लेक्स, यादी नेमकी कुठं चुकलीय?

शहापूर_ओपनर

मंडळाच्या टेनिस बॉल स्पर्धेला मैदानाच्या कडेला ६ बाय ३ फुटांचा फ्लेक्स लावायचाय. विषय: कसोटीत एका डावात सर्वांत जास्त धावा, १८७७ पासून कुणी कुणाचा विक्रम मोडला. व्हॉट्सॲपवर फिरायलेली यादी अशी:

बॅनरमन १६५, मर्डॉक २११, फॉस्टर २८७, ब्रॅडमन ३३४, हॅमंड ३३६, हनीफ ३३७, हटन ३६४, सोबर्स ३६५, मल्डर ३६७, जयवर्धने ३७४, लारा ३७५, हेडन ३८०, लारा ४००.

चढती आहे, पण खटकायलीय. शिवाय खाली भारतीयांच्या अशाच विक्रमांची वेगळी पट्टी हवी. निम्म्या कमिटीला द्रविड आणि करुण नायर पाहिजेत, म्हणजे कर्नाटकाचं नाव येतं. उरलेल्यांना कोल्हापूरच्या निंबाळकरांचे ४४३. कोण बसतंय, कोण नाही? आणि चेंडूंचा रकाना ठेवू का? शुक्रवारी प्रूफ द्यायचंय.

टिळकवाडी_एंड

यादी धावांच्या क्रमानं लावलीय, तिथंच घोळ आहे. तारखेच्या क्रमानं लावा आणि प्रत्येक खेळीला एकच प्रश्न विचारा: त्या दिवशी उभा असलेला आकडा हिनं ओलांडला का?

असं केलं की तीन नावं गळतात. हनीफ महंमदचे ३३७ जानेवारी १९५८ चे, ब्रिजटाऊनला. ९७० मिनिटं खेळला माणूस. पण हटनचे ३६४ तर १९३८ पासून उभे होते, म्हणजे विक्रम कसला? त्याच मालिकेत पुढं किंग्स्टनला सोबर्सनं ३६५ केले आणि हटनला एका धावेनं मागं टाकलं. जयवर्धनेचे ३७४ जुलै २००६ चे, मल्डरचे ३६७ जुलै २०२५ चे. दोन्ही वेळी लाराचे ४०० वर होतेच. मल्डर तर स्वतः कर्णधार, बुलावायोला उपाहाराला ३६७ वर नाबाद असताना डाव घोषित करून मोकळा झाला. हे तिघं 'सर्वोच्च दहा' मध्ये बसतात. ती यादी वेगळी.

आणि एक नाव सुटलंय: अँडी सँडहम, ३२५, किंग्स्टन, एप्रिल १९३०. कसोटीतलं पहिलं त्रिशतक हेच. तीनच महिन्यांत ब्रॅडमननं लीड्सला ३३४ केले (त्यातले ३०९ पहिल्याच दिवशी), म्हणून सँडहम नेहमी विसरला जातो. दोघांपुढं नुसतं १९३० लिहिलं तर बघणाऱ्याला छपाईची चूक वाटणार. महिनाही टाका.

बरोबर ओळी अशा (* हा तारा म्हणजे नाबाद):

बॅनरमन १६५*, मेलबर्न, मार्च १८७७
मर्डॉक २११, ओव्हल, ऑगस्ट १८८४
फॉस्टर २८७, सिडनी, डिसेंबर १९०३ (पदार्पणातच!)
सँडहम ३२५, किंग्स्टन, एप्रिल १९३०
ब्रॅडमन ३३४, लीड्स, जुलै १९३०
हॅमंड ३३६*, ऑकलंड, १९३३
हटन ३६४, ओव्हल, ऑगस्ट १९३८
सोबर्स ३६५*, किंग्स्टन, मार्च १९५८
लारा ३७५, अँटिग्वा, एप्रिल १९९४
हेडन ३८०, पर्थ, ऑक्टोबर २००३
लारा ४००*, अँटिग्वा, एप्रिल २००४

अकरा ओळी, माणसं दहा. चेंडूंचा रकाना सोडा. हटनचे ८४७, लाराच्या ४०० चे ५८२ मिळतात, पण जुन्या सगळ्या डावांचे मिळत नाहीत. अर्धा रकाना रिकामा राहील. त्याऐवजी 'विरुद्ध' टाका.

निपाणीकर

बॅनरमनला तारा कसा काय? बोटाला लागलं म्हणून गेला की वो तो बाहेर.

टिळकवाडी_एंड

बाहेर गेला, बाद नाही झाला. जखमी होऊन निवृत्त झालेला फलंदाज सरासरीतही नाबादच धरतात. संघाच्या २४५ पैकी १६५ एकट्याचे. तारा राहू द्या.

खानापूर_लोकल

भारताच्या पट्टीचं सांगतो. कमिटीचे दोन्ही गट नाराज होणार.

लाला अमरनाथ ११८ (मुंबई, १९३३), मर्चंट १२८ (ओव्हल, १९४६), हजारे १४५ (ॲडलेड, १९४८), हजारे १६४* (दिल्ली, १९५१), मंकड १८४ (लॉर्ड्स, १९५२), उम्रीगर २२३ (हैदराबाद, १९५५), मंकड २३१ (मद्रास, जानेवारी १९५६), गावसकर २३६* (मद्रास, १९८३), लक्ष्मण २८१ (कोलकाता, २००१), सेहवाग ३०९ (मुलतान, २००४), सेहवाग ३१९ (चेन्नई, २००८).

दोन ठिकाणी घसरायला होतं. दिल्लीच्या त्या डावात मर्चंटनीही १५४ केले होते, म्हणजे दोघांनी १४५ ओलांडलं. डाव संपल्यावर वर कोण, तेवढंच लिहा. आणि मंकडनी मुंबईत आधी २२३ केले, ती उम्रीगरशी बरोबरी झाली. बरोबरीला ओळ नाही.

द्रविडचे २७० रावळपिंडीत, एप्रिल २००४ मध्ये. सेहवाग दोन आठवडे आधीच ३०९ करून बसलेला. करुणचे ३०३* २०१६ चे, तेव्हा ३१९ उभे होते. मात्र त्याचं पहिलंच कसोटी शतक थेट त्रिशतक झालं, आणि असं आधी फक्त सोबर्स आणि बॉब सिम्पसननंच केलं होतं. कर्नाटकाचं नाव हवंच तर ही चौकट करा.

निंबाळकरांचे ४४३* डिसेंबर १९४८ चे, पुण्यात, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. सामना रणजीचा, आणि अधिकृत कसोटी त्यांना कधी मिळाली नाही. ब्रॅडमनच्या ४५२* ला (प्रथम श्रेणीतला, म्हणजे कसोटी धरून रणजीसारख्या मोठ्या सामन्यांतला तेव्हाचा विक्रम) नऊ धावा कमी असताना समोरच्या संघानं खेळ सोडला. ही चौकट 'प्रथम श्रेणी' अशा मथळ्याखालीच जाऊ दे, नाहीतर कोणीतरी विचारणार, मग लाराचे ५०१* कुठायत? जवळचा माणूस पाहिजे असेल तर हजारे घ्या की, जन्म सांगलीचा, आणि पट्टीत दोनदा आहेत.

शहापूर_ओपनर

भारी. चौकटी दोन करतो. नावं कन्नड आणि मराठी दोन्हीत द्यायची आहेत, ३ फुटांत मावतील का?

टिळकवाडी_एंड

नाही मावत. दहा फुटांवरून वाचायला अक्षर किमान इंचभर हवं. दोन लिप्या म्हणजे ओळीला चार इंच, अकरा ओळींचे चव्वेचाळीस, वर मथळा सहा. उंची ५ फूट घ्या आणि भारताची पट्टी दुसऱ्या फ्लेक्सवर. आकड्यांचा रकाना दोन्ही भाषांना मिळून एकच, इंग्रजी आकड्यांत. प्रूफ आलं की आधी तारे मोजा: वरच्या यादीत चार, भारताच्या पट्टीत दोन. जुन्या फॉन्टवरून युनिकोडवर मजकूर नेताना तारा गळतो, नाहीतर भलतंच अक्षर होऊन बसतं.