विषय: गावच्या शाळेचे पैसे, आणि ती आयरिश सिस्टर

खजिनदार काकांकडून:

मंडळी, गणपतीतले पैसे अजून पडून आहेत, कमिटीचं मत पडलंय की विदर्भातल्या एखाद्या शाळेला कॉम्प्युटर रूम करून द्यावी आणि बाहेर मंडळाच्या नावाची पाटी. यवतमाळ साईडचं कोणी असेल तर लवकर बोला.

दिग्रसवाल्या ताईकडून:

काका, नमस्कार. मी सध्या आईकडेच आहे, नेट फक्त ओट्याच्या कोपऱ्यावर येतं म्हणून उशीर झाला. कॉम्प्युटर रूम नका देऊ, हात जोडते. इथं एक आहे आधीच, कोणीतरी दिलेली, कालच खिडकीतून डोकावून आले, दाराला कुलूप, चावी कोणापाशी ते कोणी सांगत नाही, मॉनिटरवरचं प्लास्टिक सुद्धा निघालं नाहीये आणि त्याला टेकून खिचडीच्या तांदळाचं पोतं.

आणि पोरं कुठं, तर वावरात. कापसाची वेचणी चालू आहे ना. चौथीतली एक पोरगी कमरेला ओटी बांधून आईच्या मागं मागं ओळीतून चालली होती, बोटं पऱ्हाटीच्या बोंडांनी ओरखडलेली. मी म्हटलं शाळा? तर तिची आई म्हणे, "ताई, घरी ठिवून काय करू, काट्यावर चार किलो तं वाढते."

तेव्हापासून मला सिस्टर सिरिल आठवतायत. आम्ही दोन वर्षं कलकत्त्यात होतो तेव्हा त्यांच्याबद्दल खूप ऐकलं. मूळच्या आयर्लंडच्या, 1956 ला विशीत भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. 1979 मध्ये सियालदाच्या लोरेटो शाळेच्या मुख्याध्यापिका, लोरेटो म्हणजे नन लोकांची संस्था. आता सियालदा म्हणजे स्टेशन, फलाटावर आणि फुटपाथवर राहणारी पोरं, आणि भिंतीच्या आत इस्त्रीच्या फ्रॉकमधल्या पोरी. बाईंनी काय केलं तर फी भरणाऱ्यांच्या जिवावर फी न भरणाऱ्या पोरी घेत गेल्या, घेत गेल्या, शेवटी साधारण निम्म्या निम्म्या झाल्या. आणि 1985 पासून गेट फुटपाथच्या पोरींना उघडं. त्याला नाव दिलं रेनबो. म्हणजे ये, जेव्हा जमेल तेव्हा ये, दुपारी चिंध्या वेचून आलीस तरी चालेल, शाळेतलीच एक मोठी पोरगी तुझ्यासोबत बसेल आणि एकटीला शिकवेल. त्या मोठ्या पोरीचा तो कार्यानुभवाचा तास, आपण ज्या तासाला शाळेत रुमालावर टाके घालायचो तो. वेगळी इमारत नाही, वेगळे सर नाहीत, गच्ची होती ती वापरली. शिवाय आठवड्यातला एक दिवस ह्याच पोरी आजूबाजूच्या खेड्यातल्या शाळांत जाऊन शिकवायच्या. 2007 ला पद्मश्री मिळाली, 2023 ला गेल्या.

मला त्यातलं भावतं ते हे की पोरगी शाळेच्या वेळेत बसत नाही म्हणून पोरगीच वाईट असं बाईंनी कधी धरलं नाही.

अमरावतीच्या दादांकडून:

ताई ह्या मदर तेरेसांच्याच का? आणि राग मानू नका, मिशनरी म्हटलं की गावात लोक काहून आले बे हे, असंच म्हणतात.

दिग्रसवाल्या ताईकडून:

दादा, संस्था एकच, लोरेटो. मदर तेरेसा कलकत्त्यातल्याच एंटालीच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, मुख्याध्यापिकाही होत्या, मग 1948 ला परवानगी काढून बाहेर पडल्या आणि मोतीझीलच्या वस्तीत जमिनीवर काडीनं अक्षरं काढत शाळा सुरू केली. सिरिल बाहेर नाही पडल्या, त्यांनी आहे ती शाळाच हलवली. मला विचाराल तर हे जास्त कटकटीचं काम आहे, पालकांची तोंडं रोज बघायची असतात.

पण ह्या दोघींच्याही मागं एक आजी आहे, मेरी वॉर्ड, यॉर्कशायरची, जन्म 1585. तिचं म्हणणं असं की नन म्हणजे भिंतीआड कोंडून घ्यायलाच पाहिजे असं नाही, बाहेर फिरा, मुलींना शिकवा. 1609 मध्ये कामाला लागली. 1631 मध्ये खुद्द पोपनं तिची संस्था मोडली आणि तिला म्युनिचच्या मठात डांबलं, तर बाई तिथून लिंबाच्या रसानं चिठ्ठ्या लिहायची, कागद शेकला की अक्षरं उमटणार! ती परंपरा टेरेसा बॉल नावाच्या ननने आयर्लंडला नेली आणि 1841 मध्ये लोरेटोच्या सिस्टर कलकत्त्यात उतरल्या.

आणि मिशनरींचं म्हणाल तर आपल्या सावित्रीबाई पण शिक्षिका व्हायला अहमदनगरला मिस फरारबाईंकडे गेल्या होत्या, त्या तर अमेरिकन मिशनच्या. उरलेला वाद जेवणाच्या दिवशी घालू, मी झुणका आणते.

खजिनदार काकांकडून:

बरं पण नेमकं करायचं काय? आणि कमिटीला पाटीचं काय सांगू?

दिग्रसवाल्या ताईकडून:

काका, वेचणीवाले दिवस बुडायला घरी येतात. हायस्कूलच्या नववीतल्या आठ पोरी तयार आहेत, मी बोलले त्यांच्याशी, हेडमास्तरही हो म्हणाले. समाजमंदिरात सात ते साडेआठ, एकीपाशी दोन-तीन लेकरं, पोरींना घरी सोडायला दोन बाया. लाईट जातो म्हणून चार्जिंगचे दिवे पाहिजेत, आणि फुटाणे-गूळ, कारण लेकरं उपाशी येतात. वेचणी संपेपर्यंतचं तरी बघू, पुढचं पुढं.

पाटी हवीच असेल तर पंचवीस पाठवा. दगडी असल्या तर बरं, आणि पेन्सिलीचे डबे.